गुरं चारणं बंद केलं तर ओढ्याला पाणी टिकतं का?

माळावरचा_मी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय. आमची पाच-सहा घरांची सामाईक टेकडी आहे, वर सगळं गवत आणि थोडी झुडपं, पायथ्याला ओढा. पूर्वी पावसाळा संपल्यावर तीन-चार महिने ओढा वाहायचा असं घरची मोठी माणसं सांगतात, आता पाऊस उघडला की पंधरा-वीस दिवसात खडखडाट. बरं पाऊस फार कमी झालाय असंही नाही. यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात, काका म्हणतात टेकडी गुरांना आणि शेळ्यांना कायमची बंद करा, आणि चुलत भाऊ म्हणतो उलट जास्त गुरं एका जागी थोडा वेळ घाला आणि हलवा, खुरांनी माती फुटते मग पाणी मुरतं, त्याचा एक व्हिडिओ तो सगळ्यांना दाखवत फिरतो. मला आपलं वाटतं की तीसेक जनावरं रोज ओढ्यावर पाणी पितात तीच संपवत असतील. नक्की कोण बरोबर?

भूजलवेडा:
तुमच्यापासूनच सुरू करतो, राग मानू नका. तीसही मोठी जनावरं धरली आणि प्रत्येकी दिवसाला ५० लिटर धरलं तरी झालं १५०० लिटर. आता १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे २० मिलिमीटरची एकच चांगली सर एका हेक्टरवर २ लाख लिटर टाकून जाते, तेवढं तुमच्या कळपाला चार महिने पुरेल. तेव्हा तोंडाने पितात तो हिशोब सोडून द्या, खरा घोळ तोंडाने खातात आणि पायाने तुडवतात त्यात आहे.

पाऊस थांबल्यावर ओढा वाहतो ते वरून पळत आलेलं पाणी नसतं, ते टेकडीत मुरलेलं पाणी असतं जे हळूहळू पाझरत खाली येतं. मग प्रश्न एवढाच की सर आली तेव्हा किती मुरलं आणि किती धावत सुटलं. उघड्या मातीवर थेंब आपटला की मातीचे बारीक कण सुटतात आणि छिद्रं बुजवतात, वर पपडी धरते, मग पाऊस कितीही पडो पाणी वरच्यावर निघून जातं आणि जाताना माती घेऊन जातं. गवत किंवा नुसता पालापाचोळा जरी पसरलेला असला तरी थेंबाचा मार तो खातो. साधारण ७० टक्के जमीन झाकलेली असेल तर बरं चालतं, झाकण त्याच्या बरंच खाली गेलं की वाहून जाणारं पाणी आणि माती दोन्ही झपाट्याने वाढतात.

दुसरं मुळांचं. गवताचं अर्ध्याहून जास्त पान एकदम खाल्लं गेलं की त्याच्या मुळांची वाढ थांबते, हे अमेरिकेत १९५० च्या दशकात कापून कापून मोजलेलं आहे. पुन्हा पुन्हा तेच ठोंब खाल्लं जात राहिलं तर मुळं आखूड होत जातात, आणि कुजणाऱ्या मुळांच्या जागीच तर पाणी आत जायच्या वाटा असतात! तेव्हा जनावरं किती यापेक्षा त्या ठोंबाला परत फुटायला किती दिवस मिळतात हे आधी बघा. रोज तीच टेकडी, सकाळी सोडली की संध्याकाळपर्यंत, असं असेल तर दहा गुरं पण पुरेत वाट लावायला.

चुकूनमाकून:
+१. फक्त एक, "जमिनीत १ टक्का सेंद्रिय पदार्थ वाढला की एकरी लाखो लिटर पाणी जास्त धरतं" असलं जे फॉरवर्ड फिरतं त्यावर विश्वास ठेवू नका. २०१८ मध्ये जगभरच्या हजारो नमुन्यांवरून काढलं तेव्हा १ टक्का सेंद्रिय कार्बनमागे दर १० सेंटिमीटर मातीत जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आत वाढ दिसली. फायदा आहे पण तो माती मोकळी राहून पाणी आत शिरतं याचा जास्त, स्पंजसारखं धरून ठेवायचा कमी.

बेभरवशाचा_ढग:
सगळे हिरवं म्हणजे पाणी असं धरून चाललेत म्हणून लिहितो. झाडं आणि गवत पाणी पितात हो! १९८२ मध्ये जगभरच्या ९४ पाणलोटांच्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, त्यात झाडी काढली की ओढ्याचं वर्षाचं एकूण पाणी वाढतं आणि लावली की घटतं असाच कल दिसला. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून बाहेरून आलेली पाणीपिती झाडं तोडायचा सरकारी कार्यक्रमच चालू आहे, नद्यांना पाणी राहावं म्हणून. चीनच्या लोएस पठारावर तर दोन्ही बाजू दिसतात. उतारावरची शेती थांबवली, मोकाट चराई बंद केली, झाडं लावली. पिवळ्या नदीत पूर्वी वर्षाला १६० कोटी टनाच्या आसपास गाळ जायचा, आता तो त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी आलाय (त्यात धरणांचा आणि उतार टप्प्याटप्प्याने सपाट करण्याचाही वाटा आहे). पण नदीचं पाणीही घटलं, आणि २०१६ मध्ये अभ्यासकांनी सांगितलं की यापुढे आणखी झाडी वाढवली तर माणसांना पाणी कमी पडेल.

तेव्हा काकांना सांगा, बंदी घालून वर दाट भराभर वाढणारी झाडं लावली तर ओढा कदाचित अजून लवकर आटेल. गवत ठेवा, आहेत ती झुडपं ठेवा, तेवढं बास.

भूजलवेडा:
मान्य, पण तो हिशोब वर्षाच्या एकूण पाण्याचा आहे. यांना एकूण नकोय, यांना पाऊस गेल्यावरचं हवंय. उघड्या टेकडीवरून वर्षाचं पाणी जास्त येईलही, पण ते चार दिवसात गढूळ लोंढा होऊन येईल आणि जाईल, त्याचं करणार काय?

बेभरवशाचा_ढग:
बरोबर आहे, एवढ्यापुरती माघार 😀 झाडांबद्दलचं म्हणणं मात्र कायम.

जुना_गुराखी:
व्हिडिओवाल्या भावाबद्दल. तो बहुतेक अॅलन सेव्हरी यांचं २०१३ चं भाषण दाखवत असणार, झिंबाब्वेचे चराईवर काम करणारे अभ्यासक आहेत ते. कळप हलवत ठेवा आणि गवताला विश्रांती द्या हे त्यातलं चांगलंच आहे, पण "जास्त गुरं घाला, खुरांनी पाणी मुरेल" हे नका करू. टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात हे मुद्दाम मोजलं होतं, जितकं जास्त तुडवलं तितकं पाणी मुरणं कमी आणि माती वाहणं जास्त, आणि माती ओली असताना तर फारच वाईट. ज्याने गुरं राखलीत त्याला हे मोजायला पण लागत नाही, ओल्या रानात गुरं घातली की खुराचा खड्डा पडतो आणि तो वाळला की फरशी. भर पावसात वाफसा येईपर्यंत टेकडीवर सोडूच नका, बांधून चारा टाका, कटकट आहे पण करा.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही, ओढ्याचा काठ. जनावरं दुपारची काठावरच बसतात, सावली, गारवा, कोवळं गवत. काठ ढासळतो, ओढा रुंद आणि उथळ होतो, शेण-मूत सरळ पाण्यात. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १९९० च्या दशकात एक साधा प्रयोग झाला, कुंपण नाही काही नाही, नुसता ओढ्यापासून लांब पाण्याचा हौद ठेवला. ९२ टक्के वेळा गुरांनी हौदावरच पाणी प्यायलं आणि काठाची झीज ७७ टक्के कमी झाली! जनावराला पण चिखलात उतरायची हौस नसते.

शेणाचं हसण्यावारी नेऊ नका. कॅनडात वॉकर्टन गावी मे २००० मध्ये जोराच्या पावसात शेजारच्या रानातल्या शेणखतातले जंतू गावच्या उथळ विहिरीत गेले, ७ माणसं गेली, २३०० च्या आसपास आजारी पडली. त्या शेतकऱ्याचं काही चुकलं नव्हतं असं चौकशीत निघालं, विहीर वाईट जागी होती आणि क्लोरीन बघणारे खोट्या नोंदी लिहीत होते. तुमच्याकडे ओढ्याजवळ पिण्याची विहीर आहे का ते सांगा आधी.

माळावरचा_मी:
विहीर आहे, पण ओढ्याच्या वरच्या अंगाला, चढावर. बघतो तरी.

एवढं सगळं वाचून काल एक उद्योग केला. तेलाचा रिकामा डबा दोन्हीकडून कापला, चार बोटं मातीत ठोकला आणि मोजून पाणी ओतलं. एकदा काटेरी झुडपांच्या आत जिथे गुरं पोचत नाहीत, आणि एकदा उघड्या माळावर. झुडपात सहा-सात मिनिटात पाणी गायब. माळावर पाऊण तास उन्हात बसलो, अर्धं तसंच. काका आणि भाऊ दोघांनाही बोलावून दाखवलं, पहिल्यांदाच दोघं एकाच वेळी गप्प.

जुना_गुराखी:
भारी! आता अजून एक बघा, टेकडीवरून ओढ्याकडे सरळ उतरणारी ढोरवाट आहे का? असणारच. पहिल्या जोराच्या सरीत छत्री घेऊन तिथे उभे राहा, सगळं पाणी त्याच वाटेने पळताना दिसेल, पुढे तिचीच घळ होते. ती दगड-काट्या टाकून बंद करा आणि गुरांना आडवी, तिरकी वाट काढून द्या.

माळावरचा_मी:
आहे ना, गुडघाभर खोल झालीय, आम्ही ती पाण्यानेच पडलीय असं समजत होतो. सध्या ठरलंय असं, टेकडीचे चार भाग पाडायचे, एकावर गुरं आणि तीन मोकळे, आणि हौद वरच्या अंगाला. शेळ्यांचं मात्र ठरत नाहीये, त्या कुठल्याही भागात घुसतात, त्यांना आवरायचा उपाय असेल तर सांगा.

जुना_गुराखी:
शेळीला आवरायचा उपाय निघाला की मलाही कळवा 😀