मोशे : नाव हिब्रू की मिसरी?

नीलतीर (धागाकर्ता)
परवा नगरला मित्राच्या मुलाच्या बारशाला गेलो होतो. पाळण्याला कार्ड अडकवलेलं : ‘मोशे, म्हणजे पाण्यातून काढलेला’. जेवताना मी सहज बोलून गेलो की हा अर्थ मागाहून चिकटवलाय. पंगतीत एकदम शांतता. म्हणून उरलेलं इथं बोलतो.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायात फारोच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या, मुलीला लव्हाळ्यात पेटारा सापडतो, आत रडणारं हिब्रू बाळ. पुढे ‘मी याला पाण्यातून काढलं’ म्हणून ती त्याला मोशे म्हणते. हिब्रूत ‘माशा’ म्हणजे ओढून बाहेर काढणे. पण ज्या लोकांची पोरं नदीत फेकायचा हुकूम बापाने काढलाय, त्यांच्या भाषेत राजकन्या नाव ठेवेल? मिसरी भाषेत ‘म-स’ म्हणजे जन्मणे. तिथल्या राजांची नावं बघा : थुतमोस, थोथ देवापासून जन्मलेला. अहमोस, रामसेस त्याच घडणीचे. देवदत्तमधला देव गळून नुसता दत्त उरावा, तसा हा मोशे.

काना_मात्रा
साफ असहमत. ‘स’चा ‘श’ असा वाटेल तेव्हा होत नाही. निर्गम १:११ मध्ये रामसेस शहराचं नाव आलंय, तिथे हिब्रूत ‘सामेख’ आहे, म्हणजे स. मोशेमध्ये मात्र ‘शिन’. एकच मिसरी शब्द एका पानावर स आणि पुढच्या पानावर श? थुतमोसचं नाव कानाला जवळचं वाटलं म्हणून नातं जुळत नाही.

नीलतीर
दोन्ही शब्द एकाच काळात हिब्रूत आले, हे कुणी ठरवलं? मोशे आधी आला असेल, रामसेस नंतर. शिवाय मोशेच्याच लेवी घराण्यातला फिनहास घ्या. मिसरी ‘प-नेहसी’, नूबियाचा माणूस. कथेत नदीसाठी आलेला ‘येओर’ हा शब्दही मिसरीच. सगळं घर मिसरी सामानाने भरलंय, आणि पाळण्यातलं नाव तेवढं अस्सल हिब्रू?

यास्काचा_नातू
दोघेही मूळ शोधताय, कथा वाचत नाही आहात. महाभारतात युवनाश्वाच्या कुशीतून मुलगा बाहेर येतो. याला पाजणार कोण? इंद्र तर्जनी त्याच्या तोंडात देतो, ‘मां धास्यति’, हा मलाच पिईल. म्हणून मांधाता. व्याकरणाने ही व्युत्पत्ती सिद्ध करत बसायचं नसतं, तिथे नावातून गोष्ट उलगडते.

आणि कार्डावरचा अर्थ हिब्रू व्याकरणानेही चुकतोच! ‘काढलेला’ म्हणायचं तर ‘माशुई’ हवं. ‘मोशे’ म्हणजे काढणारा. राजकन्येने पाण्यातून काढलेलं पोर पुढे अख्ख्या लोकांना समुद्रातून बाहेर काढतं. लिहिणाऱ्याने हे नकळत केलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

काना_मात्रा
हे पटलं. हेच ‘माशा’ क्रियापद दाविद राजाच्या स्तोत्रातही आहे (स्तोत्र १८ आणि २ शमुवेल २२), ‘त्याने मला महाजलांतून काढलं’. हिब्रू बायबलमध्ये ते एवढंच, तेही पाण्याशीच जोडलेलं. पण ‘स-श’चं उत्तर अजून मिळालेलं नाही.

रेवदंड्याची
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझ्या पणजोबांचं नाव प्रार्थनेत मोशे, गावात मुसाजी. घाण्यावर तेल घ्यायला येणारी माणसं खंडोजी, तान्हाजी, त्यांच्यात मुसाजी सहज खपून गेला. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतलं १७९६ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर त्यातलेच. सांगा बरं काना_मात्रा, मुसाजीतला ‘श’ कुठे गेला?

काना_मात्रा
ताई, ‘मुसा’ हे अरबी रूप. मधे अरबी आहे म्हणून तिथे स आहे. त्याला कारण दाखवता येतं, धागाकर्त्यांना येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

नीलतीर
कारण ‘यास्काचा_नातू’ यांनीच देऊन ठेवलंय की! परकं नाव कानावर आलं, ते आपल्या ‘माशा’ धातूच्या जवळ ओढून घेतलं. ओढताना स जाऊन श आला. गाववाल्यांनी मुसाला ‘जी’ लावला तसाच हा प्रकार.

काना_मात्रा
ही अटकळ झाली. छान आहे, पण अटकळच.

यास्काचा_नातू
राजकन्येला हिब्रू कशी येत होती, हा प्रश्न जुन्या ज्यू भाष्यकारांनाही पडला होता. १२व्या शतकातला इब्न एझ्रा म्हणतो, मूळ नाव मिसरी, मोशे हा त्याचा अनुवाद. पुढे हिज्कुनीने नाव ठेवण्याचं काम थेट आईकडे, योखेबेदकडे दिलं.

रेवदंड्याची
आईवरून एक. पेटाऱ्यात ठेवण्याआधी तीन महिने ते बाळ घरात लपवलेलं होतं. तेव्हा ती त्याला कुठल्या नावाने हाक मारत होती, हे निर्गमात कुठेच लिहिलेलं नाही. तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, कुणी तोव म्हणतं, कुणी तोविया. आमच्याकडे अशा बाळाला बाबू म्हणाले असते.