चूल जपा म्हणणाऱ्यांनो, आधी तिच्यासमोर बसा

वैलावरची
काल एका साहेबांनी लिहिलं, ‘कोकणातल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर फोडून ओटा घालणं म्हणजे घराचा जीव काढणं. चूल, पाटा, सारवण आहे तसं राहू द्या.’ खाली ढीगभर बदाम. साहेब राहतात पुण्यात, घर गुहागरला. म्हणजे घराशी संबंध गणपतीपुरता आणि आंब्यापुरता.
मी दापोलीजवळ बारमाही राहते. आषाढात ओलं लाकूड फुंकून फुंकून डोळ्यांचं पाणी खळत नाही. चुलीसमोरून उठायचं तर आधी भिंतीला हात लावावा लागतो. यंदा चूल मागच्या पडवीत नेली, आत कडप्प्याचा ओटा घातला. नणंदेचा फोन, ‘आईची आठवण पुसलीत!’ आई इथेच आहेत आणि ओट्यावर त्यांचाच जास्त कब्जा आहे.

पुणेकर_गुहागरकर
तो साहेब मीच. रोज चूल पेटवा असं मी कुठे लिहिलंय? धुराने वासे-रिपा काळ्या कुळकुळीत होतात, त्यांना भुंगा शिवत नाही. आमच्या शेजारी गॅस आला, चूल बंद झाली आणि आता माळ्यावरून पिठासारखा भुसा गळतोय. बुजुर्ग वेडे नव्हते.

वैलावरची
वासे टिकावेत म्हणून बाईने धूर गिळायचा? तेल लावा की वाशांना, शिडी देते.

चिरेबंदी
चूल राहू द्या बाजूला. घराची वाट लावतो तो सिमेंटचा गिलावा. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत. जोत्यातून ओल वर चढते, ती चुन्यातून सुकत राहते. वर सिमेंट थापलं की आत कोंडते, मग मीठ फुटतं, पापुद्रे सुटतात. त्याच भिंतीला लोक प्लायची कपाटं ठोकतात आणि दोन पावसांत दार फुगलं म्हणून सुताराला शिव्या. मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय म्हणून घेताना आयएस ७१०चा शिक्का बघितला होता का? आयएस ३०३ म्हणजे मरीन नव्हे, दुकानदार काहीही सांगो.

सामायिक_दुःख
तुमचं नशीब की भिंत फोडता तरी येते. आमच्याकडे मोरीच्या जागी सिंक बसवायचं तर सगळ्या चुलत्यांची संमती लागते. एक काका म्हणतात, मोरी आजोबांनी बांधली. काका अंघोळ करतात ठाण्याला.

पुणेकर_गुहागरकर
@चिरेबंदी चुना आणायचा कुठून? आणला तर मळणार कोण? गवंडी नाव काढलं की फोन ठेवतो.

चिरेबंदी
मी करतो चुन्याचं काम.

पुणेकर_गुहागरकर
आणि फोन उचलता?

चिरेबंदी
पुण्याचा नंबर असला की नाही. ‘सगळं पारंपरिक हवं, गणपतीआधी हवं.’ चुन्याला वाळायला वेळ लागतो साहेब.

वैलावरची
धागा स्वयंपाकघराचा, तुम्ही बसलात भिंतीला चिकटून. ओट्याची उंची विचारली का कोणी? आमच्या गवंड्याने नवऱ्याला उभं करून माप घेतलं, ३४ इंच! नवरा चहासुद्धा करत नाही. मी चार फूट अकरा. भांडून ३१वर आणला. हां, कडप्प्यावर कोकमाचं आंबट आगळ सांडलं तर फिकट डाग पडतो, चुनखडीचाच दगड तो. पडू दे. ग्रॅनाइटचा भाव ऐकून सासरे खाली बसले होते.
आणि वारसा वारसा करणाऱ्यांनो, ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा कुठे होतात?

पुणेकर_गुहागरकर
लॉकडाऊन होता ताई! उगाच वैयक्तिक होऊ नका. कौलं परतायचे पैसे दरवर्षी मीच पाठवतो.

वैलावरची
पैसे शिडीवर चढत नाहीत, दादा.

सामायिक_दुःख
आमच्याकडे तेही कोणी पाठवत नाही. यांना जपा.

पुणेकर_गुहागरकर
बरं, चूल पडवीत का होईना, ठेवलीत. ओटाही करा, महाल करा. फक्त त्या पडवीवरची कौलं काढून पत्रा घालू नका, हात जोडतो.

वैलावरची
घालून झाला. निळा.