मदत हवी आहे: २२००जी काढून कोणता प्रोसेसर बसवू? (बी४५० बोर्ड, बजेट १५,०००)

रंकाळाकाठ
राम राम मंडळी. गेमिंग पीसीचा प्रोसेसर बदलायचा आहे, सल्ला हवा.
सध्या आहे ते असं: रायझन ३ २२००जी, बी४५०एम बोर्ड (रॅमचे ४ स्लॉट), डीडीआर४ २६६६ ची ८ जीबीची एकच स्टिक, जीटीएक्स १६५० ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २४० जीबी एसएसडी, ४५० वॅटचा ब्रॉंझ पॉवर सप्लाय, १०८०पी ७५ हर्ट्झ मॉनिटर, विंडोज १०. खेळतो व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २ आणि जीटीए ५. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरे दिसतात, पण स्मोक (धुराचा बॉम्ब) पडला की किंवा चार-पाच जण एकदम समोर आले की गेम अडखळतो.
राजारामपुरीतल्या एका दुकानात म्हणाले, बोर्डासकट सगळं काढा आणि आय५ १२४००एफ बसवा. ते १५,००० च्या पार जातंय. बोर्ड तसाच ठेवून काही होईल का?

उद्यमनगरकर
होईल की. बोर्ड अजिबात काढू नकोस. १२४००एफ प्रोसेसर चांगलाच आहे, ६ कोअर १२ थ्रेड (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं), पण तो एलजीए १७०० सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा). म्हणजे नवा बोर्ड आला, आणि त्या सॉकेटची वाट इंटेलच्या १४ व्या पिढीपाशी संपली. शिवाय विंडोज जर जुन्या बोर्डाला बांधलेली असेल तर बोर्ड बदलल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनचं लफडं वेगळंच. तुझ्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर त्याच तोडीचा रायझन ५ ५६०० सरळ बसतो.
पण खरेदीच्या आधी दुखणं प्रोसेसरचंच आहे का ते तपास. आफ्टरबर्नर (पीसीचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाक आणि स्क्रीनवर चार आकडे लाव: प्रत्येक कोअरचा वापर, जीपीयूचा (म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा) वापर, रॅम आणि १ टक्का लो एफपीएस (सगळ्यात अडखळत्या क्षणांतले एफपीएस). नेहमीच्या सेटिंगला १० मिनिटं खेळ. मग रिझोल्यूशन ७२०पी कर आणि परत तोच मॅप खेळ. रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस वाढले नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा. भरपूर वाढले तर कार्डाचा, मग प्रोसेसरवर घातलेले पैसे वाया.

रंकाळाकाठ
केलं. काउंटर स्ट्राइकमध्ये चारही कोअर ९८-१०० टक्के, जीपीयू ५५ ते ६०. ७२०पी ला एफपीएस जवळपास तेवढेच. रॅम ७.४ जीबी भरलेली. जीटीएलाही तेच.

उद्यमनगरकर
मग दोन दुखणी आहेत, एक नाही. २२००जी मध्ये ४ कोअर आणि थ्रेडही ४ च. गेम, डिस्कॉर्ड, ब्राउझर आणि विंडोजची मागची कामं सगळी त्या चारांवरच पडतात. स्मोक पडला की काम एकदम वाढतं, मोकळा थ्रेड उरत नाही आणि फ्रेम उशिरा तयार होते. सरासरी बरी असून अडखळतं ते यामुळं.
दुसरं, ८ जीबी भरली की विंडोज उरलेलं एसएसडीवर ढकलते. एसएसडी कितीही झालं तरी रॅमच्या वेगाला येत नाही. त्यात एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, रॅमची बँडविड्थ निम्मी. नुसता प्रोसेसर बदललास तर निम्माच फायदा हाती येईल.

करवीर_बेंच
वरच्याशी सहमत, फक्त ५६०० च घे असं मी लगेच म्हणणार नाही. ५५०० पण बघ. दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड, दोन्ही ६५ वॅट, दोघांच्या बॉक्समध्ये रेथ स्टेल्थ कूलर येतो. मुख्य फरक दोन. ५६०० ला एल३ कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) ३२ एमबी, ५५०० ला १६. आणि ५६०० पीसीआयई (कार्डाशी डेटाची ने-आण करणारा मार्ग) ४.० चालवतो, ५५०० फक्त ३.०. त्यातला दुसरा फरक तुला लागूच नाही, कारण बी४५० बोर्ड मुळात ३.० चा आहे.
राहिली कॅश. काउंटर स्ट्राइक, व्हॅलोरंटसारख्या गेमला ती जाणवते, पण ती १४४ हर्ट्झच्या पुढं. ७५ हर्ट्झ मॉनिटर आणि १६५० कार्डावर ५५०० मधून वाचलेले पैसे रॅममध्ये घालणं जास्त शहाणपणाचं.

उद्यमनगरकर
आजचं कार्ड आणि आजचा मॉनिटर धरला तर पटतंय. पण प्रोसेसर चार-पाच वर्षं राहतो, कार्ड त्याआधी बदलतं. पुढं आरएक्स ६६०० सारखं कार्ड आणि १४४ हर्ट्झ मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर ५६०० च. माझा हिशोब साधा आहे: दोघांच्या भावात हजार-दीड हजाराच्या आत फरक असेल तर ५६००. त्याहून जास्त असेल तर ५५०० आणि ८-८ च्या दोन स्टिक.
५६००जी च्या नादाला लागू नकोस. त्यातल्या ग्राफिक्सचे पैसे तुझ्याकडं कार्ड असताना फुकट जातात, आणि कॅश १६ च. ५७००एक्स ८ कोअरचा आहे, पण बॉक्समध्ये कूलर नाही, तो खर्च वेगळा.

रंकाळाकाठ
वर्षभरात कार्ड बदलायचं मनात आहे, म्हणजे ५६०० धरतो. जुन्या स्टिकला जोडून एक नवी ३२०० ची घेतली तर? आणि ४५० वॅट पुरेल?

करवीर_बेंच
मिसळलीस तर दोन्ही २६६६ वरच चालतील, वेगवान स्टिक हळू स्टिकच्या चालीनं चालते. तरीही एकटीपेक्षा खूप बरं. पैसे बसत असतील तर ३२०० ची ८-८ ची जोडी घे आणि जुनी विकून टाक. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापर. बसवल्यावर बायोसमध्ये (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगानं चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नकोस, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पडून राहते.
पॉवर सप्लाय पुरतो. ५६०० पूर्ण भाराला साधारण ७६ वॅट घेतो, १६५० ला ७५. पुढं आरएक्स ६६०० आलं तर त्याचे १३२ वॅट आणि ८ पिनची एक केबल. ती केबल तुझ्या सप्लायला आहे का एवढं आत्ताच बघून ठेव.
खरेदीला जाताना: सीलबंद बॉक्सच माग, त्यावर ३ वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे’ म्हणून स्वस्तात देतात त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी बहुतेक दुकानापुरतीच. बॉक्सच्या खिडकीतून प्रोसेसरवरचा सीरियल नंबर दिसतो, तो लेबलशी जुळव आणि जीएसटी बिलावर लिहून घे.

उद्यमनगरकर
आता बसवायचं. यात बहुतेक जण बायोसला चुकतात. बायोस अपडेट जुना २२००जी बसलेला असतानाच करायचा. जुन्या बायोसवर ५६०० लावलास तर पंखे फिरतील, स्क्रीन काळी राहील.
विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघड, बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती लिहून घे. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली ‘रेव्ह’ (बोर्डाची आवृत्ती) पण बघ, एकाच नावाच्या दोन रेव्हचे बायोस वेगळे असतात. कंपनीच्या पानावर प्रोसेसरच्या यादीत ५६०० समोर कमीत कमी कोणती आवृत्ती लागते ते दिलेलं असतं. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, तसं तिथं लिहिलेलं असतं, न वाचता उडी मारू नकोस. फाइल अनझिप करून एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाक आणि बायोसमधूनच अपडेट कर, विंडोजमधून नको. यूपीएस पाहिजेच. वळवाचा पाऊस दाटलेला असताना तर हात लावू नकोस, मध्येच लाइट गेली की बोर्ड गेला.
पुढचा धोका जुना प्रोसेसर काढताना. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट थंड असली की घट्ट धरते, आणि कूलर सरळ ओढला की लॉक असलेल्या सॉकेटमधून प्रोसेसर पिनांसकट उपसून येतो. म्हणून आधी १५ मिनिटं गेम चालव, बंद कर, प्लग काढ, लगेच चारही स्क्रू सोडव. एक हात बोर्डाच्या मागं ठेव, बॅकप्लेट निसटून खाली पडते. मग कूलर डावी-उजवीकडं हळू फिरवत सुटा कर आणि मगच उचल.
नवा प्रोसेसर सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. दाबावं लागतंय म्हणजे दिशा चुकली. नव्या कूलरला पेस्ट लावलेली येते, वरून आणखी नको. स्क्रू तिरपे-तिरपे, दोन-दोन फेरे देत आवळ.

करवीर_बेंच
एक जोडतो. ५६०० ला ग्राफिक्स नाही, त्यामुळं मॉनिटरची केबल कार्डालाच. बोर्डाच्या एचडीएमआयला लावून ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणणारे पुष्कळ. पहिल्या वेळी रॅम जुळवून घेताना दोन-तीन मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, एकदा-दोनदा आपोआप रीस्टार्टही होईल. घाईनं बटण दाबू नकोस. ५ मिनिटं झाली तरी काही नाही तर सीमॉस क्लिअर कर (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला आण) आणि एकाच स्टिकवर चालू करून बघ.

रंकाळाकाठ
मनापासून आभार दोघांचे. विंडोज परत टाकावी लागेल का?

करवीर_बेंच
गरज नाही, फक्त एएमडीचा नवा चिपसेट ड्रायव्हर टाक. पण विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २२००जी विंडोज ११ च्या यादीत नव्हता. ५६०० आहे, त्यामुळं आता जाता येईल. ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही लागतात. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) चालू कर, सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद कर आणि सिक्युअर बूट चालू कर. त्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीची विभागणी नव्या जीपीटी पद्धतीची आहे की जुन्या एमबीआर, ते बघ. एमबीआर असताना सीएसएम बंद केलास तर विंडोज उघडणार नाही.
आणि प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच स्क्रीनवर एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन, असं विचारतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर प्रोसेसर काढायच्या आधी बिटलॉकर बंद कर किंवा रिकव्हरी की कागदावर उतरून ठेव. मग निर्धास्त वाय दाब.