जॉर्डन पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत? जाऊन आलेल्यांचे अनुभव

जॉर्डनमधील पेट्रा हे डोंगरात कोरलेले प्राचीन नगर पाहायला निघालेल्या प्रत्येकाला घर सोडण्यापूर्वीच एक निर्णय घ्यावा लागतो, कारण जॉर्डन पास, म्हणजे पेट्रासह अनेक स्थळांचा प्रवेश आणि व्हिसा शुल्काची माफी एकत्र देणारा पास, जॉर्डनमध्ये उतरण्याआधी ऑनलाइन घेतला तरच त्या माफीसाठी उपयोगी पडतो. जे जाऊन आले आहेत त्यांनी आपला अनुभव येथे हिशेबासकट लिहावा, अशी विनंती आहे. आपण तेथे किती रात्री राहिलात, प्रवेश कसा केलात, काय काय पाहिलेत आणि पास नसता तर किती खर्च आला असता, एवढे कळले तरी पुढे जाणाऱ्याचे काम होईल. सर्व दर आपापल्या प्रवासाच्या वेळचे आहेत. घेण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा पाहून घ्यावेत. सुरुवात मी करतो.

आम्ही दोघे सहा रात्री राहिलो. पासचे तीन प्रकार आहेत : पेट्रात एक दिवस प्रवेश देणारा ७० दिनारांचा, दोन दिवसांचा ७५ चा आणि तीन दिवसांचा ८० चा. बाकी चाळीसहून अधिक स्थळे तिन्हींत सारखीच आहेत. आम्ही दोन दिवसांचा घेतला. सुटा हिशेब मांडला तर माणशी व्हिसा ४०, पेट्राचे दोन दिवसांचे तिकीट ५५, जेराशचे रोमन अवशेष १०, वादी रमचे वाळवंट ५ आणि राजधानी अम्मानचा गड ३, असे ११३ दिनार झाले असते. म्हणजे दोघांचे मिळून ७६ दिनार वाचले. दिनार डॉलरपेक्षाही महाग असल्यामुळे ही रक्कम शंभर डॉलरांच्या वर जाते. मात्र त्यातला मोठा वाटा व्हिसाचा आहे आणि ती माफी किमान तीन रात्री राहणाऱ्यालाच मिळते. म्हणून मी कोणालाही आधी रात्री मोजायला सांगतो. स्थळांची यादी त्यानंतर काढावी.

दुबईहून, दोन रात्रींचा प्रवास

आम्ही नोकरीनिमित्त दुबईत राहतो आणि जोडून आलेल्या सुटीत दोन रात्रींसाठी अम्मानला गेलो होतो. एका मित्राने पास घेतल्याशिवाय जाऊ नका, असे आग्रहाने सांगितले होते, परंतु तो स्वतः आठवडाभर राहिला होता, हे माझ्या नंतर ध्यानात आले. तीन रात्री पूर्ण होत नसल्यामुळे व्हिसाचे ४० दिनार आम्हाला पास असो वा नसो, भरायचेच होते. पेट्रा एक दिवस ५०, जेराश १० आणि अम्मानचा गड ३ मिळून ६३ होत होते, तर सर्वांत स्वस्त पास ७० चा होता. आम्ही सुटी तिकिटे काढली आणि ते योग्यच झाले. अम्मान ते पेट्रा हे अंतर मोटारीने तीन तासांचे आहे, त्यामुळे दोन रात्रींत याहून अधिक स्थळे पाहणे आम्हाला शक्यही नव्हते.

पुण्याहून, प्रवासी कंपनीबरोबर

माझा अनुभव नुकसानीचा आहे आणि तो टाळता आला असता, म्हणून लिहिते. आम्ही पंचवीस जणांच्या गटातून गेलो होतो. माहितीपत्रकात 'प्रवेशशुल्क समाविष्ट' असे लिहिलेले होते, पण व्हिसाचा उल्लेख नव्हता. फोनवर विचारले तेव्हा मिळालेले उत्तर संदिग्ध होते, म्हणून मी आणि माझ्या बहिणीने आपापले पास घेऊन टाकले. विमानतळावर उतरल्यावर कळले की संपूर्ण गटाचा व्हिसा कंपनीने आधीच करून ठेवला होता आणि पेट्राची तिकिटेही गटाच्या नावावर काढलेली होती. आमचे दोन पास तसेच राहिले. गटातून जाणाऱ्यांनी व्हिसा आणि पेट्राचे तिकीट या दोन गोष्टी समाविष्ट आहेत की नाहीत, हे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि मगच पासचा विचार करावा.

छत्रपती संभाजीनगरहून, इतिहासाचा शिक्षक

मी बचतीचा विचार करून पास घेतला, पण मला त्याचा खरा उपयोग वेगळाच झाला. सुटे तिकीट काढायचे असते तेव्हा माणूस प्रत्येक दारात थबकून 'हे पाहण्याजोगे आहे का' असा विचार करतो आणि लहान स्थळ असेल तर बहुधा पुढे जातो. पास हातात असल्यामुळे मी कोठेच थबकलो नाही.

अम्मानच्या पूर्वेला वाळवंटात कुसैर अम्रा नावाची आठव्या शतकातील, उमय्या खलिफांच्या काळातील लहानशी वास्तू आहे. बाहेरून ती एखाद्या साध्या कोठारासारखी दिसते, पण आतल्या भिंतींवर शिकारीची, स्नानाची आणि कामकरी माणसांची चित्रे आहेत आणि स्नानगृहाच्या घुमटात राशींसह आकाश रंगवलेले आहे. मी तेथे दीड तास होतो. जवळच अझराकचा काळ्या दगडाचा किल्ला आहे. १९१७-१८ च्या हिवाळ्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मुक्काम तेथे होता आणि किल्ल्याची अखंड दगडाची जड दारे आजही फिरतात. उत्तरेच्या टोकाला उम्म कैस येथेही प्राचीन गदारा नगरीचे नाट्यगृह अशाच काळ्या दगडात बांधलेले आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट डोळ्यांत बसलेल्या माणसाला तो दगड पाहून जी जवळीक वाटते ती सांगणे कठीण आहे. त्याच नगरीच्या कडेवरून खाली तिबेरियाचे सरोवर दिसते. दक्षिणेकडे जाताना करक आणि शोबक हे क्रुसेडरांचे, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे, दोन्ही किल्ले पाहिले. त्यांतला शोबक १११५ मध्ये बांधलेला असून आज तेथे फारसे कोणी जात नाही. ही सर्व स्थळे पासमध्ये आहेत. त्यांची तिकिटे थोड्याच दिनारांची असल्यामुळे त्यांतून पैशांची बचत फारशी होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पास नसता तर मी त्यांतली निम्मी पाहिली नसती.

पेट्राविषयी एकच लिहितो. तेथील दर्शनी भाग आपल्या वेरूळच्या कैलासाप्रमाणे वरून खाली कोरत आणलेले आहेत. ज्याने कैलास नीट पाहिला आहे त्याला एक दिवस पुरणार नाही, म्हणून मी तीन दिवसांचा पास घेतला होता आणि तिन्ही दिवस वापरला.

वसईहून, तीर्थयात्रा

आमची ख्रिस्ती यात्रा होती. जॉर्डनमध्ये दोन रात्री मुक्काम करून आम्ही पुढे जेरुसलेमला गेलो. मोशेने वचनदत्त भूमी जेथून पाहिली असे मानतात तो नेबो पर्वत आणि सहाव्या शतकातील पवित्र भूमीचा मोझेक नकाशा असलेले मादाबाचे संत जॉर्ज यांचे चर्च, ही दोन्ही ठिकाणे पासमध्ये नाहीत. त्यांचे तिकीट अगदी किरकोळ आहे आणि ते दारातच मिळते. प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचे स्थळ अल-मग्तस हेही मूळ पासमध्ये धरलेले नाही; पास घेताना जादा रक्कम भरून ते जोडून घेता येते. आमच्या यात्रेत पेट्रा नव्हतेच. ज्यांचा प्रवास आमच्यासारखा केवळ श्रद्धास्थानांपुरता आहे त्यांना या पासचा काही उपयोग नाही.

नागपूरहून, दोन दिवसांच्या पासचा अनुभव

पासमधील पेट्राचे दिवस सलग असावे लागतात, ही अट मी नीट वाचली नव्हती. पहिल्या दिवशी पेट्रा, दुसऱ्या दिवशी वादी रम आणि परतताना पुन्हा पेट्रा, असा बेत आखला होता. तो सोडून द्यावा लागला आणि वादी रमचा मुक्काम पुढे ढकलावा लागला. शिवाय आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. पहिल्याच दिवशी दुपारी पावसाचा इशारा आला आणि सर्वांना बाहेर काढण्यात आले. चिडून उपयोग नव्हता, कारण पेट्रात नेणारी सिकची घळ सव्वा किलोमीटर लांब व अतिशय अरुंद आहे आणि १९६३ मध्ये तेथे अचानक आलेल्या पुरात फ्रेंच पर्यटकांचा बळी गेला होता. आमच्याजवळ एकाच दिवसाचा पास असता तर आमचे पेट्रा अर्ध्यावरच राहिले असते. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी पाच दिनार वाचवू नयेत.

ठाण्याहून, आईबरोबर

आईचे वय बहात्तर आणि तिचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी एक दिवसाचा आणि माझ्यासाठी दोन दिवसांचा, असे वेगवेगळे पास घ्यावेत असे मला वाटत होते, पण फरक पाचच दिनारांचा असल्यामुळे दोघींसाठी दोन दिवसांचेच घेतले. घळीच्या टोकाला असलेल्या, पेट्रातील सर्वांत प्रसिद्ध अशा 'खजिना' नावाच्या वास्तूपर्यंत विजेवर चालणारी लहान गाडी मिळते. तिचे भाडे पासमध्ये नाही आणि ते कमीही नाही, हे ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हिशेबात धरावे. पासची एक छापील प्रतही जवळ असू द्यावी. माझ्या फोनचे चार्जिंग एकदा दारातच संपले होते.

पहिल्या दिवशी आम्ही दहाला पोहोचलो आणि गर्दीमुळे आईला खजिन्यासमोर नीट उभेही राहता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार उघडताच आत गेलो. त्या वेळी गाडी मिळाली नाही, तेव्हा आईच म्हणाली, "चल, उताराचं आहे, जाऊ हळूहळू." सिकमधून आम्ही तासभर चालत होतो. भिंतीत कोरलेल्या पाण्याच्या पाटावर हात ठेवत ती पुढे जात होती. घळीच्या शेवटच्या वळणावर खजिना दिसला, तेव्हा समोर एक उंट, त्याचा मालक आणि आम्ही दोघीच होतो. आई बाकावर पाऊण तास बसली. पेट्रातीलच 'मठ' नावाच्या वास्तूकडे जाणाऱ्या आठशेहून अधिक पायऱ्या मी त्या दिवशी चढले नाही.