शब्दचर्चा : ‘शेजाऱ्यावर प्रीती करणे’

उंबरठा : आमच्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘तू आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर.’ शब्द सगळे ओळखीचे, वाक्य मात्र कानाला परकं. प्रीती म्हटलं की भावगीत आठवतं, आणि ‘शेजाऱ्यावर’ म्हटलं की भलतंच काहीतरी. ख्रिस्ती मराठीत यांचा अर्थ काय धरतात? सरळ ‘शेजारधर्म पाळा’ का नाही लिहीत?

निंबोणी : मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. आम्हाला या ‘प्रीती’त भावगीत कधी ऐकूच आलं नाही. उपासनेनंतर मंडळी एकत्र जेवते, ते प्रीतिभोजन. (‘मंडळी’ म्हणजे आमच्यात चर्चची माणसं, बायको नव्हे!) भिंतीवरचं वचन मुळात बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातलं (19:18), येशूनं ते पुन्हा सांगितलं. नव्या करारातल्या ग्रीक ‘आगापे’साठी मराठीत प्रीती रुळला. त्यातलंच करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय 13 (1 करिंथ 13) वाचून पाहा : प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, हेवा करत नाही, फुगत नाही. मनात काय दाटून येतं याचा तिथे पत्ता नाही, सगळं वागण्याबद्दल आहे. म्हणून तर ‘कर’ असा हुकूम चालतो. ‘तुला त्याची माया वाटू दे’ असं कोण कुणाला बजावणार?

आडवाट : शेजारधर्माला भिंत लागते. विरजण मागणं, गावाला जाताना किल्ली ठेवणं, रात्री-अपरात्री रिक्षा आणून देणं, हे सगळं चांगलंच. पण आज मी, उद्या तू, असा हिशेब त्यात असतो. लूक 10 मधली येशूची गोष्ट घ्या : यरुशलेम-यरीहो वाटेवर लुटारूंनी एका माणसाला झोडपून टाकलेलं. मंदिराचा याजक आणि मंदिरातलाच सेवक लेवी न थांबता गेले, थांबला तो शोमरोनी, म्हणजे परका. यहुदी आणि शोमरोनी यांचं जुनं वाकडं. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, मालकाला दोन दिनार दिले आणि वर जास्त लागलं तर परतताना देईन म्हणाला. परतफेडीची आशा कुठेच नाही. याला शेजारधर्म म्हटलं तर फार तोकडं पडेल.

निंबोणी : आणि प्रश्न कसा उलटवलाय तेही बघा. गोष्टीआधी एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे यादी द्या, कुठपर्यंत करायचं ते सांगा. गोष्ट संपल्यावर येशू विचारतो, या तिघांपैकी त्या लुटलेल्याचा शेजारी कोण ठरला?

आडवाट : इथे मराठीची एक गंमत आहे. आपल्याकडे ‘शेजारी’ नाम आहे, तसंच क्रियाविशेषणही : ‘माझ्या शेजारी बस.’ नव्या करारात शेजाऱ्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्या ‘प्लेसिओन’चंही तेच, मुळात ‘जवळ’. शेजारी म्हणजे जवळ असलेला. याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, शोमरोनी जवळ गेला. लेवीयातला हिब्रू शब्द ‘रेआ’ मात्र सोबती, साथी या अंगाचा. लेवीयात प्रसंग आपल्याच लोकांचा आहे, पण त्याच अध्यायात 34व्या ओवीत परक्यावरही तशीच प्रीती करायला सांगितलंय. (ओवी नव्हे, वचन. सवय!)

मांडवीकाठ : गोव्यात आमच्या कोंकणी प्रार्थनांत शेजारी येत नाही, ‘पेलो’ येतो. पेल्याचो मोग. पेलो म्हणजे दुसरा माणूस, मग तो कुठलाही असो. तुमचा शेजारी जवळचा, आमचा पेलो पलीकडचा. मला आमचा जास्त आवडतो, पक्षपात कबूल.

निंबोणी : मग पंडिता रमाबाईंना काय म्हणाल? 1896–97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणून आसरा दिला. कुठलं त्यांचं पुण्याजवळचं केडगाव, कुठला मध्य प्रांत! त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्या 1922 साली गेल्या, ते 1924 मध्ये छापून निघालं.

उंबरठा : आता कळतंय. आणखी एक. नाताळात आमची सोसायटी आणि ते चर्च मिळून घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबे देणार आहेत. पत्रकात कुणीतरी ‘दयाळूपणाची कृत्ये’ लिहिलंय.

आडवाट : काढून टाका! दया वरून खाली येते, आणि ‘कृत्य’ तर पोलीस पंचनाम्यातलं वाटतं.

निंबोणी : नव्या करारातल्या गलतीकर 5:22 मध्ये आत्म्याच्या फळांत, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत, ‘ममता’ आहे. करिंथमधल्या ‘परोपकारी’च्या मुळाशी जो ग्रीक शब्द, त्याच्याच कुळातला. वेदान्त ममता, म्हणजे ‘माझं-माझं’, सोडायला सांगतो, आमचं बायबल धरायला सांगतं, म्हणून कीर्तन ऐकून वाढलेल्याला ती अडखळवेल. पण परोपकारापेक्षा मला ती बरी वाटते. परोपकारात ‘पर’ उरतोच.

उंबरठा : म्हाताऱ्यांना ‘ममतेचे डबे’ पाठवले तर ते परत करतील. आमच्याकडच्या आजी तिखट आहेत.

मांडवीकाठ : नुसतं लिहा, ‘नाताळचं जेवण, तुमच्या घरी.’ आणि खाली वेळ टाका, बाकी कुणी वाचत नाही.