‘आश्रित’ की ‘अवलंबित’? दत्तक लेक आणि अमेरिकेतला कर

प्रश्न : अमेरिकेतल्या एका घटस्फोटित जोडप्याने दत्तक लेकीला दोघांच्याही रिटर्नमध्ये ‘डिपेंडंट’ (जिच्यासाठी करसवलत मिळते ती) दाखवलं. तिथल्या कर खात्याचं पत्र आलं, ते मी लेकीच्या वडिलांच्या आईला मराठीत सांगत होते. मी ‘आश्रित’ म्हटलं आणि आजींनी चष्मा काढून ठेवला. “पोटची नाही म्हणून आश्रित का गं?” मला पुढे बोलवेना. दुसरा शब्द सुचवाल?

उत्तर : आजींना लागलं ते बरोबरच आहे. ‘आश्रित’ म्हणजे आसऱ्याला आलेला. त्यातलं उपकाराचं ओझं दत्तक मुलाला फार बोचतं. ‘परावलंबी’ तर सरळ उणीवच दाखवतो. ‘अवलंबित’ कोरडा आहे, पण करकामात तोच बरा. जुना ‘पोष्य’ मला फार आवडतो. ज्यांना पोसणं आपलं कर्तव्य तो पोष्यवर्ग, आणि पोष्यपुत्र म्हणजे दत्तक मुलगा! आज मात्र तो समजावून सांगावा लागेल.

त्याहून जपायला हवं ते पत्रातल्या ‘क्लेम’ या शब्दाला. ‘मुलीवर दावा केला’ म्हटलंत तर आजींना ताब्याचा खटला वाटेल. ‘विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवलं’ म्हणा. भांडण करसवलतीपुरतं आहे. त्या कायद्यात दत्तक आणि पोटचं असा भेद नाही. आईबाप दोघांनीही दाखवलं, तर वर्षात मूल ज्याच्याकडे जास्त काळ राहिलं त्याचं ग्राह्य. काळ सारखाच असेल तर ज्याचं समायोजित ढोबळ उत्पन्न (ठरावीक वजावटी गेल्यावरचं एकूण उत्पन्न) जास्त, त्याचं. मूल ज्याच्याकडे राहतं त्याने फॉर्म 8332 वर सही दिली, तर मुलासाठीची करसवलत दुसऱ्याला घेता येते. ताबा त्याने हलत नाही.

आणखी एक : ‘दत्तक’ शब्दही तपासा. आपण दत्तविधान झाल्यावर दत्तक म्हणतो. तिथे कायदेशीर दत्तकासाठी रीतसर सोपवलेलं मूलही त्यात धरतात, निकाल व्हायचा असला तरी. अशा वेळी ‘दत्तकासाठी सोपवलेलं मूल’ असं पूर्ण लिहावं.

प्रश्नकर्ती : काल पुन्हा वाचून दाखवलं, ‘अवलंबित म्हणून दाखवलं’ असं. आजींनी विचारलं, “जास्त दिवस कुणाकडे असते?” म्हटलं, आईकडे. “मग सुनेनेच दाखवावं. मी सांगते त्याला.”