फ्लेम अझेलियाला बोंडं धरत नाहीत, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलला आमच्या परसात फ्लेम अझेलियाची दोन झाडं लावून चार वर्षं झाली. इथल्या अ‍ॅपलाशियन डोंगरांतलीच ही केशरी फुलांची, पानगळीची जात. मातीचा सामू 5.2 आहे, वर पाइनच्या सुयांचं आच्छादन. मे महिन्यात झाड पेटल्यासारखं दिसतं. पण बी एकदाही धरलं नाही. सुकलेली फुलं मी खुडत नाही, तरी शेवटी नुसते देठ उरतात. मला बियांपासून रोपं करायची फार इच्छा आहे.

आधी वाटलं, मधमाश्या येत नसतील. तर येतात भरपूर! दोन शनिवार सकाळी खुर्ची टाकून बसले, तेव्हा लक्षात आलं की माशी परागकोशावर बसते नाहीतर थेट नळीत शिरते. कुक्षी, म्हणजे पराग जिथे पडायला हवेत ते मादी टोक, फुलाबाहेर लांब आलेली, तिला माशी लागतच नाही. याच राज्यातलं एक संशोधन 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार या झाडाचे पराग मोठ्या फुलपाखरांच्या पंखांवरून जातात. टायगर स्वॉलोटेल नावाचं फुलपाखरू मध पिताना पंख हलवत राहतं, तेच पंख कुक्षीला घासतात. माझ्याकडे यंदा अशी फुलपाखरं दोनच दिसली.

म्हणून हाताने करून पाहिलं. माहेरी गुहागरला आई संध्याकाळी दुधीचं नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायची, तसंच असेल असं वाटलं. पण ब्रशने जमेना. अझेलियाचे परागकोश उभे फुटत नाहीत. टोकाला छिद्रं असतात आणि पराग चिकट धाग्यांत गुंफलेले बाहेर येतात, ते ब्रशवरच अडकून बसतात. मग चिमट्याने पुंकेसरच तोडला आणि दुसऱ्या झाडाच्या कुक्षीवर घासला. तीसेक फुलं केली. बोंड एकही नाही.

आता शंका अशी की दोन्ही झाडं एकाच नर्सरीतली, एकाच वाणाची आहेत. ती एकाच झाडाची छाटकलमं असतील तर दोन्ही मिळून एकच झाड झालं ना? आपलेच पराग ते नाकारत असेल का? की कुक्षी ओलसर, चिकट व्हायच्या आधीच मी घाई केली?

पानगळीच्या दिवसांत बियांपासून वाढवलेलं तिसरं झाड आणावं म्हणते. ते किती अंतरावर लावू? फुलायच्या वेळा जुळल्या नाहीत, तर पराग फ्रीजमध्ये टिकतात का, आणि कसे ठेवायचे? रानातलं झाड उपटून आणायचं मात्र कृपया सुचवू नका, ते मी करणार नाही.